रांगेत ठेवलेल्या चपला

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. घरातलीच नाही, कोपरच्या खाडीकडे आमची जी वस्ती होती त्या अख्ख्या वस्तीतली पहिली. हे मी मुद्दाम आधीच सांगून टाकते. शिकलेल्या माणसाने नम्र असावं म्हणतात. ज्यांच्या घरात तीन पिढ्या शिकल्या त्यांनी असावं नम्र. माझा अभ्यास नळावर झालाय. हंडा रांगेत लावायचा, बाजूला विटेवर बसायचं, उजाडेपर्यंत रस्त्याच्या दिव्याखाली आणि उजाडल्यावर फुकटच्या प्रकाशात वाचायचं. राज्यशास्त्र घेऊन मी बी.ए. झाले, त्यातलं निम्मं राज्यशास्त्र त्या विटेवर पाठ केलेलं आहे.

नळ एकच होता. वस्तीच्या तोंडाशी, गटाराला लागून. पाणी कधी पहाटे यायचं, कधी सकाळी, कधी आलंच नाही तर विचारायचं कोणाला हेही माहीत नव्हतं. म्हणून बाई रांगेत उभी राहायची नाही, हंडा राहायचा. हंडा ठेवून बाई घरी जायची, भाकऱ्या टाकायची, पोरं आंघोळीला बसवायची. पाणी आलं की ओरड व्हायची आणि सगळ्या धावत यायच्या. एखादी नाही आली तर मागची बाई पायाने तिचा हंडा पुढे सरकवायची. हात लावायचा नाही, पायानेच. दुसरीचा हंडा रांगेतून उचलणं म्हणजे त्या बाईलाच उचलून बाजूला ठेवणं. ते कोणी करत नसे. नवऱ्यांच्या मारामाऱ्या व्हायच्या, पोरांची डोकी फुटायची, पण हंड्याचा नंबर कोणी मोडला नाही. कोणाचा हंडा चेमटलेला, कोणाच्या गळ्याला लाल चिंधी, कोणाच्या बुडाला डांबर. हंडा घरी राहिला असेल तर वीट ठेवायची, डबा ठेवायचा, चपला काढून ठेवायच्या. तेही चालायचं. चपला आहेत म्हणजे बाई आहे.

माझे वडील गेले त्या सकाळी आमचा हंडा रांगेत होता. आई तर उठायच्या अवस्थेत नव्हती. रांगेतल्या बायकांनी आमचा हंडा सगळ्यांच्या पुढे नेला, भरला आणि दारात आणून ठेवला. ज्या घरात मयत त्या घराचं पाणी पहिलं, अशी वस्तीची रीत. त्या पाण्याने वडिलांना आंघोळ घातली. पुढे पुष्कळ पुस्तकं वाचली, माणसाचा माणसावर भरवसा कसा असतो ते सांगणारी. मला तो हंडाच आठवतो.

एवढं सगळं चांगलं सांगितलं, आता दुसरं सांगते. रांगा दोन होत्या. एक कोळणींची, एक आमची. कोळ्यांची घरं तिथे आधीपासून, खाडीत त्यांची जाळी. आम्ही दुष्काळात मराठवाड्यातून आलेले, रेल्वेच्या जमिनीच्या कडेला पत्रे ठोकून राहिलेले. आमचा विहार होता, आणि विहार आला की आम्ही कोण हे सगळ्यांना कळायचं. त्यांच्या हंड्याला आमचा हंडा लागला तर त्या हंडा राखेने घासून परत रांगेत लावायच्या. भांडण नाही, शिव्या नाहीत. राख फक्त. त्यांचे दोन हंडे भरले की आमचा एक, हा हिशोब कोणी ठरवला होता कोणास ठाऊक, पण तो सगळे पाळायचे.

ह्या दोन रांगांची एक रांग केली ती मावशीने. माझी सख्खी मावशी नव्हे, वस्तीची मावशी. डोंबिवलीच्या पूर्वेला केमिकलच्या कंपन्या आहेत, त्यांतल्या एकीत ती रंगाच्या पावडरीची पाकिटं भरायची. हात कोपरापर्यंत पिवळे. धुतले तरी पिवळे. बायका तिला चिडवायच्या, काय मावशी, परत हळद लागली का? ती म्हणायची, हो, ह्या वेळेला कंपनीशी लावलंय, हाही घरखर्चाला देत नाही. तिचा नवरा रेल्वेत गँगमन होता, अबोल माणूस. तिच्या हातची पावडर भातात उतरू नये म्हणून घरचा भात तोच शिजवायचा.

कोळ्यांतली निम्मी घरं आपल्या विहिरीवर पाणी भरायची; एका उन्हाळ्यात त्या विहिरीच्या पाण्याला कंपन्यांचा वास यायला लागला. खाडीत निवट्या, चिखलातले ते लहान मासे, पोट वर करून तरंगायला लागल्या. विहीर गेली तशा त्या सगळ्या नळावर आल्या आणि रोज कचकच. मावशीने एक दिवस काय केलं, आपला हंडा उचलला आणि सरळ त्यांच्या रांगेत शेवटी नेऊन ठेवला. त्या रांगेवर एका म्हातारीचा हुकूम चालायचा. नाकात नथ, तोंडात मिश्री, आवाज सगळ्या खाडीला ऐकू जाईल असा. तिने विचारलं, "तुजा हंडा हतं काय करतंय गो?"

मावशी म्हणाली, "पाण्याला आलाय, आजी. तुमच्याकडे सोयरीक जुळवायला नाही आलेला."

कोणीतरी फिसकन हसलं. म्हातारी नाही हसली. पण रांग पुढे सरकली तेव्हा मावशी घरी गेलेली होती आणि तिचा हंडा तिथेच राहिला होता. म्हातारीने इकडे तिकडे पाहिलं आणि पायाने तो पुढे ढकलला. मी विटेवरून हे पाहिलंय. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या आईने आमचाही हंडा तिकडे लावला. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत रांग एक झाली होती. राख बंद झाली असं मी म्हणणार नाही. काही घरांत आत नेऊन घासत असतील. पण रांगेत नाही.

मावशीचं राजकारण हे असं होतं. तिने भाषण केलेलं मी फार ऐकलं नाही. नळावर बोलायची. नळ वाढवून मागायला ती पालिकेत खेपा घालायची तेव्हा तिथला बाबू तिला म्हणाला होता की तुमच्या वस्तीत मतदारच नाहीत बाई, पाणी कुणासाठी मागता? ती घरी येऊन मला म्हणाली, हे खरं आहे का बघ. मी बघितलं. पुरुषांची नावं होती. बायकांची जवळजवळ नव्हतीच. नावं लिहायला माणूस यायचा तेव्हा बायका कामावर, आणि घरात जो पुरुष सापडे तो स्वतःचं सांगून मोकळा व्हायचा.

म्हणून आम्ही अर्ज नळावर भरले. मी विटेवर बसून लिहायची आणि मावशी एकेकीला पुढे करायची. अडचण एकच, नवऱ्याचं नाव. बायका घ्यायच्या नाहीत. मी विचारायची, त्या पदर तोंडात धरायच्या. शेवटी मावशीने फर्मान काढलं की लग्नात घेता तसं घ्या. मग काय, मतदार नोंदणी राहिली बाजूला आणि उखाण्यांची स्पर्धा लागली. खाडी, जाळं, जिताडा, सगळं यमकात आलं. एका कोळणीने तर असा उखाणा घेतला की मी तो इथे लिहू शकत नाही, पण नाव मात्र बरोबर मिळालं. म्हातारीने आपल्या मेलेल्या नवऱ्याचं नाव साधंच सांगितलं, उखाण्याशिवाय.

नावं लागली. मग पालिकेची निवडणूक आली, आणि आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. तिथे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. वॉर्ड आपलाच असं ते धरून चालले होते. राखीव निघाल्यावर त्यांनी वहिनींना उभं केलं. पोस्टरवर भाऊंचा हात जोडलेला मोठा फोटो आणि खाली कोपऱ्यात वहिनी, जशी औषधाच्या बाटलीवर सूचना असते तशा. भाऊ वस्तीत येऊन म्हणाले, तुमच्या वहिनींना निवडून द्या, नळाचं मी बघतो. मावशी म्हणाली, नळाचं आम्ही कधीपासून बघतोय भाऊ, पाणीच दिसत नाही.

मावशी उभी राहिली ती अपक्ष. मागणं एकच होतं, खाडीकडच्या दोन्ही वस्त्यांना पाण्याची मोठी लाईन. कोळ्यांना आणि आम्हाला, एकच लाईन. निशाणी पंखा मिळाली. आमच्याकडे धड वीज नाही, त्यात पंखा. बायकांना हसूच आवरेना. मग त्यांनी पुठ्ठ्याचे पंखे कापले आणि प्रचाराला निघाल्यावर ते हलवत फिरल्या, घामही गेला आणि प्रचारही झाला. कोळणी टोपली डोक्यावर घेऊन मासळी विकायला जायच्या त्याच दारात मताचं बोलायच्या. आमच्या बायका कंपनीतल्या डब्याच्या सुट्टीत बोलायच्या. वस्तीतल्या पुरुषांनी आधी थट्टा केली, मग खांद्यावर निळी उपरणी टाकून पुढे चालायला आले. मावशीने त्यांना मागे चालायला लावलं.

मी पोलिंग एजंट. बूथवर आत बसून उमेदवाराच्या बाजूने लक्ष ठेवणारा माणूस म्हणजे पोलिंग एजंट. मावशी म्हणाली, आत खुर्चीवर बसून कागद वाचणारी आमची एक तरी पाहिजे. ते ऐकून मला जे वाटलं ते पदवीचा कागद हातात घेताना वाटलं नव्हतं.

मतदानाच्या आधी विहारात बायका जमल्या. त्यात मावशीने सगळं समजावून सांगितलं. कंपनीवाले दुपारपर्यंत सोडणार नाहीत, त्यामुळे आपल्याला उशीर होणार. घाबरायचं नाही. पाच वाजता दार बंद झालं तरी जी रांगेत असेल तिला मत द्यायला द्यावंच लागतं, तसा नियमच आहे. "फक्त नंबर सोडू नका," ती म्हणाली. मीही मान डोलावली. नियम मी वाचलेला होता, तो तसाच होता.

बूथ रुळांच्या पलीकडच्या शाळेत होता. सकाळी बिल्डिंगमधली माणसं आली, पटापट मतं देऊन गेली. आमच्या बायका दुपारनंतर आल्या. कामावरून थेट, हातात डब्याच्या पिशव्या. कोळणी बाजार आटपून रिकाम्या टोपल्या घेऊन. मी आत बाकावर बसले होते, खिडकीतून मला वरांडा दिसायचा, मैदान दिसत नव्हतं. रांग मैदानात गेलीय एवढं आवाजावरून कळत होतं.

माझ्या शेजारी भाऊंचा एजंट. आमची बाई आत आली की हा म्हणायचा, साहेब, आक्षेप, ही तीच कशावरून? साहेब म्हणजे बूथवरचे मुख्य अधिकारी, बिचारे कुठल्या तरी शाळेतले मास्तर असावेत, सज्जन, नियमाला घाबरणारे. ते थांबायचे. बाईला नाव विचारायचे, वय विचारायचे, नवऱ्याचं नाव विचारायचे. आता ही बाई चार परक्या पुरुषांच्या पुढ्यात नवऱ्याचं नाव कसं घेणार? गप्प उभी राहायची. एजंट म्हणायचा, बघा साहेब. मी भांडायची. मग बाई हळूच पुटपुटायची, साहेब कान पुढे करायचे. एकीने घाबरून तिथे उखाणाच घेतला. खोलीतले सगळे हसले, एजंट सर्वांत मोठ्याने. तिने खाली मान घालून बोटाला शाई लावून घेतली. तिच्या बोटाला आधीच कंपनीचा हिरवा रंग होता, शाई दिसेचना. त्यावरूनही वाद.

अशी रांग गोगलगायीसारखी पुढे येत होती. मला राग येत होता पण काळजी नव्हती. पाच वाजता रांगेत असेल ती बाई आत येणार. मी घड्याळाकडे बघून मनात म्हणत होते, घे रे आक्षेप, घे. रात्र झाली तरी आमच्या बायका हलायच्या नाहीत.

बाहेर काय झालं ते मला नंतर कळलं. चारच्या सुमारास एक बाई धावत आली आणि तिने सांगितलं, वस्तीत टँकर आलाय. नळाला तीन दिवस पाणी नव्हतं. टँकर मागून मागून आमच्या चपला झिजल्या होत्या, तो कधी आला नव्हता. आज आला. रुळांच्या अलीकडे, वस्तीच्या बाजूला उभा होता आणि ड्रायव्हर म्हणत होता की अर्ध्या तासात निघणार. कोणी पाठवला विचारलं तर म्हणाला, मला ने म्हटलं, मी आणला. शेवटपर्यंत त्याच्या वरचं नाव कळलं नाही.

मैदानातल्या रांगेत चुळबुळ झाली. घरी म्हातारी माणसं, तान्ही पोरं, आणि मडकी कोरडी. नियम तर मावशीने सांगितलेला, नंबर सोडायचा नाही. बायकांनी नंबर सोडला नाही. प्रत्येकीने आपल्या जागेवर डबा ठेवला. पिशवी ठेवली. कोळणींनी टोपल्या ठेवल्या. ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांनी चपला काढून नीट जोडून ठेवल्या, तोंडं बूथकडे करून. आणि अनवाणी पळाल्या. ज्या वरांड्यात पोचल्या होत्या त्या राहिल्या, मागच्या गेल्या. म्हातारी मैदानातच बसून राहिली, तिच्याने धावणं होणार नव्हतं. ती म्हणाली म्हणे, जा तुमी, मी हाय ना. रांग सरकली की ती उठायची आणि पायाने एकेक डबा, एकेक चपलांचा जोड पुढे सरकवायची. शेवटपर्यंत जायची, परत येऊन आपल्या जागी बसायची. एका माणसाने एवढी मोठी रांग त्याआधी कधी ओढली असेल असं मला वाटत नाही.

पाच वाजले. साहेब चिठ्ठ्या घेऊन उठले. रांगेत असतील त्यांना सहीची चिठ्ठी द्यायची, शेवटच्या माणसापासून सुरुवात करायची, म्हणजे मागून नवीन कोणी घुसत नाही. मी त्यांच्या मागोमाग बाहेर आले. खूश होते मी. आणि मैदानात बघितलं तर ऊन, आणि उन्हात चपला. डबे, पिशव्या, टोपल्या. सरळ रेषेत, फाटकापर्यंत. माणूस एक, म्हातारी.

साहेब फाटकापर्यंत गेले. तिथून चपलांच्या बाजूने चालत परत आले, एकेक जोड बघत. त्यांना काय वाटत होतं कोण जाणे. म्हातारीपाशी थांबले आणि तिला चिठ्ठी दिली. मग विचारलं, बाकीची माणसं कुठे आहेत?

"हतंच हायत," म्हातारी म्हणाली. "यो डबा तिचा. ह्या चपला माज्या सुनेच्या. सगली हतंच हायत, बघ ना."

"आजी, डबा मत देत नाही."

"डबा कशाला देल? ती येल ना. पानी भरायला गेलीय."

मी साहेबांना सांगायला लागले. नळाची रीत सांगितली, हंड्याचं सांगितलं, टँकरचं सांगितलं. इंग्रजीतसुद्धा सांगितलं, मला वाटलं इंग्रजीत ऐकतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा, चपलेला चिठ्ठी देऊ का मी? त्यांचं चुकत नव्हतं. हेच मला आजपर्यंत पचलेलं नाही. भाऊंचा एजंट तर एक शब्द बोलला नाही. त्याला बोलायची गरजच नव्हती. शिपायाने फाटक लावलं.

बायका आल्या तेव्हा कुलूप लागलेलं होतं. साड्या खाली ओल्या, पाय चिखलाने आणि रुळांवरच्या खडीने भरलेले. फाटकातून त्यांना आपले डबे दिसत होते, जिथे ठेवले त्याच्या खूप पुढे. त्यांना आधी कळेचना. एकजण गजातून हात घालून सांगत होती, तो काय माझा नंबर, तो बघा, निळ्या पिशवीचा. आतला पोलीस तिच्याशी हुज्जत घालून कंटाळला. त्याने तिची पिशवी उचलली आणि फाटकावरून तिच्या हातात दिली. रांगेतून उचलली. ते बघून मात्र गजांतले हात मागे आले.

मावशी दुसऱ्या बूथवरून आली तेव्हा पोलीस चपला बाहेर टाकत होता. ती खाली बसली आणि जोड लावायला लागली. तिच्या पिवळ्या हातांत एकेक चप्पल. कोणीतरी रडायला लागली, कोणीतरी म्हणाली, मावशी, आम्ही नंबर नव्हता गं सोडला. मावशीने मान वर केली नाही.

"पाणी भरलंत ना?" तिने विचारलं.

"भरलं."

"मग जावा घरी. पोरं तहानलेली असतील."

त्या पाण्याला वास येत होता. कुठल्या विहिरीचं होतं कोण जाणे. पिता आलं नाही. भांडी घासायला वापरलं.

मतमोजणीत वहिनी निवडून आल्या. फरक किती होता तो मी लिहीत नाही. फाटकाबाहेर राहिलेल्या बायकांपेक्षा कमी होता. वहिनींना हार घातले ते भाऊंनी आपल्याच गळ्यात घेतले. मिरवणूक आमच्या वस्तीवरून नेली, गुलाल नळापर्यंत उडाला.

मावशी हरली त्याचं दुःख आम्ही करायला बसलोच नाही. त्याआधीच भांडण सुरू झालं. कोळणी म्हणायला लागल्या, आधी तुमच्या बायका पळाल्या, टँकर तुमच्याच वस्तीच्या तोंडाशी लागला होता. आमच्या म्हणायला लागल्या, तुमच्या पुरुषांनी वहिनींची दारू प्यायली, तुमच्या सुना मुद्दाम टोपल्या ठेवून गेल्या. खरं कोणालाच माहीत नव्हतं. पळताना कोण पुढे आणि कोण मागे हे कोणी बघितलं होतं? मावशी दोन्हीकडे जाऊन सांगायची, चूक असेल तर माझी, रांगेत राहा म्हणजे काय हे मी सांगायला हवं होतं. तिचं कोणी ऐकेना. तिच्यावर रागावणं सोपं नव्हतं, म्हणून एकमेकींवर रागावल्या. आणि एका सकाळी आई पाणी घेऊन आली आणि म्हणाली, आज रांगा दोन झाल्या. भाकरी थापावी तितक्या साधेपणाने म्हणाली.

मावशीने आपला हंडा परत कोळणींच्या रांगेत लावला. म्हातारी तोवर अंथरुणाला खिळली होती. हंडा जिथे ठेवला तिथेच राहिला. रांग त्याच्या बाजूने पुढे गेली. कोणी उचलला नाही, रीत मोडली नाही. सरकवला नाही एवढंच. पाणी गेल्यावर मावशी रिकामा हंडा घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी परत तिथेच लावला. असं ती बरेच दिवस करत राहिली. तिचा नवरा मग गुपचूप स्टेशनच्या नळावरून डबा भरून आणायचा, तिला न सांगता.

पुढची निवडणूक तिने बघितली नाही. खोकला लागला. दवाखान्यात पावडरीचं नाव कोणी घेतलं नाही, दमा म्हणून लिहिलं. माझं तेव्हा कल्याणला एका शाळेत नोकरीचं नक्की झालं होतं. तिला सांगायला गेले तर म्हणाली, खुर्ची आहे का बसायला? आहे म्हटलं. बरं झालं म्हणाली.

ती गेली तेव्हा सकाळ होती, नळाला पाणी आलेलं होतं. तिच्या नवऱ्याने तिचा हंडा माझ्या हातात दिला. मी नळावर गेले. दोन रांगा उभ्या होत्या, समोरासमोर. मयत झालेल्या घराचं पाणी पहिलं, ते दोन्हीकडच्यांना माहीत होतं. दोन्ही रांगा माझ्याकडे बघत होत्या. मी हंडा कुठल्या बाजूला ठेवते ते बघत होत्या.

मी तो मधे ठेवला. नळाच्या अगदी खाली, गटाराच्या कडेला, कुठल्याच रांगेत नाही. आणि ठेवून बाजूला झाले नाही. हंड्याच्या काठाला हात लावून उभी राहिले. म्हातारीची सून पहिल्या नंबरावर होती. तिने आपली कळशी नळाखालून काढली. धार बारीक होती. हंडा भरायला फार वेळ लागला आणि तेवढा वेळ दोन्ही रांगांमधलं कोणीच हललं नाही. भरल्यावर मी तो एकटीने डोक्यावर घेतला. मागे वळून पाहिलं तेव्हा त्या दोन रांगा होत्या तशाच होत्या.